कन्कशननंतर ‘मानेचा मणका बसवून’ घेणार असाल, तर आधी हे वाचा

डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला (यालाच कन्कशन म्हणतात), महिने उलटले तरी डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास जात नाही, दोन पानं वाचली की डोकं बधिर होतं, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उपाय शोधता शोधता तुम्हाला ‘अप्पर सर्व्हायकल कायरोप्रॅक्टिक’ हे नाव कुठेतरी भेटेलच. म्हणजे मानेचे वरचे मणके हाताने दाबून ‘जागेवर बसवण्याचा’ उपचार. मी तो उपचार घेतला. पैसे गेलेच. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. माझी चक्कर योग्य माणसाच्या हाती काही मिनिटांत थांबण्यासारखी होती, आणि ती मला महिनोन् महिने अंगावर काढायला लावली.

दुचाकीवरून पडले होते. सीटी स्कॅन नॉर्मल आला. हे बहुतेकांचं होतं, कारण कन्कशन स्कॅनमध्ये दिसतच नाही. रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं नाही ना, एवढंच स्कॅन सांगतो. बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात. ज्यांना बरं वाटत नाही त्यांच्या हातात मात्र एक नॉर्मल रिपोर्ट आणि ‘विश्रांती घ्या’ एवढाच सल्ला उरतो. घरचेही विचारू लागतात, रिपोर्ट चांगला आहे ना, मग अजून काय होतंय? या दुकानांचं गिऱ्हाईक नेमकं इथे तयार होतं.

कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इतका वेळ तोवर मला कुणीच दिला नव्हता, हे मान्य करायला हवं. मग मानेचे वेगवेगळ्या दिशांनी एक्स-रे काढले, त्यावर रेघा मारल्या आणि मानेचा सगळ्यात वरचा मणका, ज्याला ॲटलास म्हणतात, तो काही अंशांनी कललाय असं दाखवलं. त्यामुळे मेंदूच्या देठावर दाब येतोय, मेंदूभोवतीचं पाणी नीट वाहत नाहीये, आणि म्हणून चक्कर, असं सांगितलं. उताणं झोपवून एक पाय आखूड दिसतोय हेही दाखवलं. लगेच पॅकेजचा कागद पुढे आला. सगळी रक्कम आगाऊ, आणि सवलत फक्त आजच ठरवलं तर.

भिंतीवरच्या पडद्यावर जिम मॅकमहनची मुलाखत चालू होती. शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा माजी खेळाडू. मानेवरच्या अशा उपचाराने आराम पडल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलेलं आहे, आणि त्याच्या सांगण्यावर मला शंका घ्यायची नाही. पण एका माणसाला बरं वाटणं म्हणजे उपचार सिद्ध होणं नव्हे. ‘आमच्याकडे संशोधन आहे’ म्हणून जो कागद दिला, तो 2007 चा 50 रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास होता, तोही उच्च रक्तदाबावरचा. डोक्याच्या दुखापतीशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या हातात असा कागद ठेवला, तर तो कोणत्या आजारावरचा आहे एवढं तरी वाचा.

ही फसवणूक पचते, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. डोक्याला जोराचा हादरा बसतो तेव्हा मानही झटकली जाते. कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू आणि वरचे सांधे दुखावले, तर वेदना डोक्यात जाणवते, तोलही बिघडतो. म्हणजे माझ्या मानेत दोष होता हे खोटं नव्हतं. खोटं होतं ते ‘मणका सरकलाय आणि तो बसवला की मेंदू सुधारेल’ हे. माणसाचा ॲटलास अगदी समान नसतोच, आणि एक्स-रे काढताना डोकं जरासं वळलं तरी ते अंश बदलतात. पायांचंही तेच, झोपताना कंबर किंचित तिरकी झाली तरी एक पाय आखूड दिसतो.

या विचाराचं मूळ बरंच जुनं आहे. 1895 मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हेनपोर्टला डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबून त्याला ऐकू यायला लागल्याचा दावा केला. तिथून कायरोप्रॅक्टिक सुरू झालं. ऐकण्याची नस मणक्यातून जातच नाही. 1930 च्या दशकात त्यांच्या मुलाने, बी. जे. पामर यांनी, सगळा भर मानेच्या वरच्या टोकावर आणला. सरकलेल्या मणक्यामुळे आजार होतात या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही, असं ब्रिटनमध्ये या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच 2010 मध्ये सांगितलं.

उपचार सुरू झाल्यावर मला जे कळलं ते नीट लक्षात ठेवा. बरं वाटलं, तर मणका बसला. त्रास वाढला, तर शरीर जुनी इजा बाहेर टाकतंय, चांगलं लक्षण आहे. काहीच फरक नाही, तर मणका ‘टिकत’ नाहीये, अजून यावं लागेल. उपचार चुकला असं ठरेल असा एकही निकाल त्यांच्या हिशेबात नव्हता. मधेच पुन्हा एक्स-रे काढले आणि अंश कमी झाल्याचं आनंदाने दाखवलं. मी म्हटलं, चक्कर तशीच आहे. तर म्हणे, रचना सुधारली आहे, लक्षणं मागून जातील. मी चक्करसाठी गेले होते आणि मला विकले जात होते अंश.

त्यात व्यायाम बंद करायला लावला, मणका सरकेल म्हणून. याने माझं फार नुकसान झालं. सुरुवातीचे 24 ते 48 तास विश्रांती, मग सोसेल इतपत हालचाल, असा आता जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, लक्षणं फारशी वाढणार नाहीत इतपत व्यायाम करणारे किशोरवयीन खेळाडू नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा काही दिवस लवकर बरे झाले होते.

हलक्या दाबाने काही होईना, तेव्हा कायरोप्रॅक्टरने एकदा न विचारता माझी मान झटक्यात फिरवली. यावर मी थोडं थांबून सांगते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर येतात आणि ॲटलासवरून वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात पिळली जाते तेव्हा ताण नेमका त्या वळणावर येतो. रोहिणीचं अस्तर फाटलं, तर गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण 2014 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने मान फिरवण्याचा उपचार आणि हा आजार यांच्यात संबंध दिसतो असं नोंदवलं, आणि रुग्णाला आधी कल्पना द्यावी असंही म्हटलं. मी सही केलेल्या कागदावर याचा एक शब्दही नव्हता.

त्यानंतर मी तिथे गेले नाही. एका फिजिओथेरपिस्टने विचारलं, चक्कर कधी येते? मी म्हटलं, कुशीवर वळताना आणि वर बघताना. तिने मला बसवून, डोकं एका बाजूला वळवून, पटकन मागे झोपवलं आणि माझे डोळे बघितले. डोळे भिरभिरत होते, म्हणजे दोष आतल्या कानात होता. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. डोक्याला मार लागला की ते जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या नळ्यांमध्ये शिरू शकतात. एप्ली नावाची डोकं वळवण्याची एक क्रमवार पद्धत आहे, तिने ते कण बाहेर काढता येतात. तिने ती केली आणि अंथरुणात वळतानाची ती गरगर थांबली. इतक्या महिन्यांत त्या कायरोप्रॅक्टरने माझ्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

डोकेदुखी अशी एका फटक्यात गेली नाही. मानेचे आणि तोलाचे व्यायाम, नजर स्थिर ठेवण्याचा सराव, हे सगळं करावं लागलं. याला मात्र आधार आहे. 2014 मध्ये 31 खेळाडूंवर झालेल्या एका चाचणीत, मानेचे आणि तोलाचे असे दोन्ही उपचार घेणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना आठ आठवड्यांत खेळायची परवानगी मिळाली. नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण 7 टक्के होतं. चाचणी लहान आहे, पण ती कन्कशनवरचीच आहे. वेदनाशामक गोळ्या रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस साध्या गोळ्या घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखत राहू शकतं.

पैसे परत मागितले तेव्हा करारातलं एक कलम दाखवलं गेलं. मी माझे एक्स-रे आणि सगळ्या नोंदी लेखी अर्ज करून मिळवल्या. रेडिओलॉजिस्टला त्यात मणका सरकल्याची खूण दिसली नाही. ते लेखी मत जोडून तक्रार केली, तेव्हा न वापरलेल्या भेटींची रक्कम मिळाली, बाकीची नाही. तुमचं असं कुठे अडकलं असेल, तर कागद पहिल्यांदा ताब्यात घ्या, बोलणी नंतर. आणि मान फिरवल्यानंतर मानेत किंवा डोक्यात कधी न झालेली तीव्र वेदना उठली, एकाचं दोन दिसू लागलं, बोलणं अडखळलं, चेहरा किंवा हात बधिर झाला, चालताना झोक जाऊ लागला, तर त्या दवाखान्याला फोन करत बसू नका, तडक मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा आणि मान फिरवून घेतली आहे हे तिथे आधी सांगा.