ऑक्सफर्डची जाड डिक्शनरी: ‘रन’ या एका शब्दावर तपासून बघितली

डिक्शनरी घेताना लोक पानं किती, शब्द किती ते बघतात. माझं म्हणणं, एखादा रोजचा साधा शब्द काढून बघा, कारण अवघड शब्दाला बहुतेक वेळा एखाद-दुसराच अर्थ असतो आणि तो कुठल्याही पुस्तकात सापडतो, खरा कस लागतो तो गेट, टेक, सेट, रन असल्या शब्दांना. म्हणून ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी मी ‘रन’वर तपासली. मी अमळनेरला घरीच शिकवणी घेते, मराठी मिडियमची आठवी ते दहावीची पोरं, इंग्लिश विषय, तर हा रिव्ह्यू त्यांच्या हिशोबाने वाचा.

आमच्याकडे जवळपास प्रत्येक दप्तरात ती छोटी पॉकेट इंग्लिश-मराठी डिक्शनरी असते. त्यात रन म्हणजे पळणे, धावणे, झालं. मग ‘शी रन्स अ शॉप’ वाचून पोरगं लिहितं की ती दुकानात पळते, आणि ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’ (म्हणजे दूध संपलं) वाचलं की थेट क्रिकेट. यात पोरांची काही चूक नाही हो, घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि दोन्हीकडे एकच शब्द दहा ठिकाणी बरोबर वापरतात, फक्त इंग्लिशमध्येही तसंच चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता या डिक्शनरीत रन काढा. क्रियापदाचेच अर्थ इतके की एका नजरेत मावत नाहीत, पण प्रत्येक अर्थाच्या आधी छोटा मथळा दिलाय, शर्यत, घाई, कारभार सांभाळणे, वाहन किंवा मशीन, बस-ट्रेन, पातळ पदार्थ, रंग, निवडणूक असं (मथळे अर्थात इंग्लिशमध्ये), त्यामुळे सगळं वाचत बसायचं काम नाही, वाक्य पाण्याबद्दल असेल तर सरळ पाण्याच्या मथळ्यावर जायचं. ही सोय मला सगळ्यात जास्त आवडली. आणि हे मथळे ओळीने वाचताना एक गोष्ट लक्षात येते ती पोरांना सांगितली की त्यांचे चेहरेच बदलतात: आपल्याकडे दुकान चालतं, मशीन चालतं, कापसाचं जिनिंग चालतं, चाळीसगाव-धुळे गाडी चालते, आणि या सगळ्या जागी इंग्रज रन म्हणतो. म्हणजे आपलं चालणं तिकडे पळणं आहे. एवढं एक सूत्र कळलं तरी निम्मे अर्थ पाठ न करता येतात. उरलेल्यांना मात्र सूत्र लागत नाही, नाक गळतं तिथे रन, कपड्याचा रंग जातो तिथे रन, आणि उन्हाळ्यात गिरणा नदी कोरडी पडते तिथेही रन ड्राय, म्हणजे नदी वाहते त्यालाही रन आणि आटते त्यालाही रनच.

निवडणुकीचा अर्थ तर बघाच. तिथे लिहिलंय की या अर्थाने रन मुख्यतः अमेरिकेकडे वापरतात, ब्रिटिश लोक स्टँड म्हणतात. आपल्याकडेही उमेदवार निवडणुकीला उभाच राहतो ना! पोरांनी हे एकदा ऐकलं की विसरत नाहीत. कुठला शब्द कुठल्या देशात, कुठला बोलण्यात, कुठला लिहिण्यात, या खुणा पॉकेट डिक्शनरीत नसतातच.

ही डिक्शनरी अशी का झाली त्याचं कारण तिच्या जन्मात आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हे काम केलं, पहिल्यांदा ते १९४२ साली जपानमध्येच छापलं गेलं, मग १९४८ ला ऑक्सफर्डने काढलं. म्हणजे ज्याची मातृभाषा इंग्लिश नाही त्याच्यासाठीच सुरुवातीपासून बांधलेलं पुस्तक आहे हे. म्हणून अर्थ सोप्या ठरावीक शब्दांतच लिहितात, आणि शब्दापुढे काय येतं, नुसतं रन की रन समथिंग, तेही दाखवतात. ऑक्सफर्डची जी मोठी डिक्शनरी आहे, १९८९ ची २० खंडांची, ती वेगळी, तिची आपल्याला गरज नाही. तरी माहितीसाठी, तिच्यात आधी सेट हा शब्द सगळ्यात मोठा होता, नंतर नव्या आवृत्तीचं काम चालू असताना रनने त्याला मागे टाकलं, क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले! हे वर्गात सांगा, पाच-सहा अर्थ लिहून घ्या म्हटल्यावर कोणी कुरकुर करत नाही.

आता न पटलेलं. रन आउट, रन इनटू, रन ओव्हर असले जोड अगदी शेवटी, वाक्प्रचार संपल्यावर येतात, त्यामुळे नवीन पोरगं वरचेच अर्थ वाचून पुस्तक मिटतं आणि दुधाचं कोडं तसंच राहतं. पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेवा की दोन शब्दांचा जोड असेल तर शेवटून शोधायचं. अक्षर बारीक, कागद पातळ, वजन तर असं की रोज दप्तरात नेणं शक्यच नाही, घरीच ठेवायची. उच्चाराच्या खुणा पोरांना शिकवल्याशिवाय कळत नाहीत. लेडीजच्या पातळ लांब मोज्यांचा धागा उसवतो तोही रनचा एक अर्थ दिलाय, आपल्याकडे त्याचा काही उपयोग नाही. आणि मराठी अर्थ एकही नाही, त्यामुळे सहावी-सातवीच्या पोराच्या हातात एकट्याने देऊ नका, तो घाबरेल, आठवीपासून आणि शेजारी कोणीतरी बसून.

विकत घ्यायच्या आधी ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीजच्या वेबसाइटवर रन टाकून बघा, फुकट आहे, हेच अर्थ दिसतात आणि ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. ज्यांच्या घरी मोबाईल वडिलांबरोबर शेतावर जातो त्यांच्यासाठी मात्र पुस्तकच बरं. माझ्याकडे दहावी आवृत्ती आहे, २०२० ची, पण रनसारख्या शब्दांसाठी जुनी सेकंडहँडही चालेल, फक्त घेताना आर आणि एस अक्षराची पानं शाबूत आहेत का ते उघडून बघा, रन आणि सेट तिथेच आहेत.