जुन्या फोर्ड ७.३ डिझेलला घरीच टर्बो बसवला: किट कसं आहे आणि किटमध्ये काय नसतं

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. किट झकास आहे, विकणारा भंगार होता, आणि खरा खर्च किटमध्ये नाहीच, तो किटच्या आजूबाजूला आहे. किटला पाचपैकी चार. विकणाऱ्याला एक, तोही खोका नीट पॅक केला होता म्हणून.

ट्रक माझा १९९० चा फोर्ड एफ-२५०, ७.३ लिटर आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल, पाच गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स, कंपनीतून टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही. इथे टेक्ससमध्ये अमरिलोच्या बाजूला राहतो, थोडी जमीन आहे आणि महिंद्राचा ट्रॅक्टर आहे (हो हो, आपलाच महिंद्रा, त्यांचं इथलं ऑफिस ह्यूस्टनला आहे आणि इकडच्या शेतकऱ्यांत बऱ्यापैकी चालतो). तो ट्रॅक्टर ट्रेलरवर टाकून अधूनमधून कोलोरॅडोला न्यावा लागतो आणि वाटेत येतो रॅटन पास, उंची सुमारे ७,८०० फूट. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्के कमी होते असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे कागदावरचे १८०-१८५ एचपी घाटमाथ्यावर पोचेपर्यंत १४० च्या आसपास. मागे ट्रॅक्टर, पुढे चढ, पाय फळीला टेकलेला, मागून काळा धूर, आणि बाजूने सेमी ट्रकवाले ओव्हरटेक करून जातायत. बायको म्हणाली हा विकून नवीन घे, पण नवीन डिझेल ट्रकच्या किमती बघितल्यात का सध्या?

ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी, ७.३ आयडीआय हे इंटरनॅशनल म्हणजे नॅव्हिस्टारने बनवलं आणि फोर्डच्या पिकअपमध्ये १९८८ ते १९९४ आलं, त्याआधी ६.९ होतं. १९९४ च्या मध्यापासून पॉवरस्ट्रोक आलं, तेपण ७.३ च आहे पण इंजिन पूर्ण वेगळं, त्यामुळे पार्ट मागवताना फोनवर "७.३" एवढंच सांगू नका, आयडीआय म्हणा, नाहीतर भलतंच काहीतरी घरी येईल. आयडीआयमध्ये सगळं मेकॅनिकल, स्टॅनाडाइनचा डीबी२ डिझेल पंप, कॉम्प्युटर नाही, म्हणून तर घरी करायची हिंमत होते. १९९३-९४ ला फोर्डने स्वतःच यातल्या काही ट्रकना टर्बो लावून दिला, पण त्या इंजिनात पिस्टनच्या पिना जाड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेगळ्या धातूचे होते. माझ्यासारख्या साध्या इंजिनात ते नाही, आणि कॉम्प्रेशन २१.५ ला १ एवढं जास्त आहे, म्हणून बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचं प्रेशर) १० पीएसआयच्या आत ठेवायचं हे सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. तेवढ्याला जुने हेड बोल्ट चालतात, त्याच्या वर जायचं तर हेड उघडून स्टड टाका, मग तो वेगळाच खर्च.

या इंजिनासाठी त्या काळात बँक्स, एटीएस, हायपरमॅक्स अशी नावं किट विकायची, आता बाजारात बरीचशी जुनी वापरलेलीच फिरतात. माझं त्यातलंच एका जुन्या नावाचं सेकंडहँड किट. कुठलं ते लिहीत नाही कारण जो काही त्रास झाला तो विकणाऱ्यामुळे, आणि नाव लिहिलं की लोक किटलाच नावं ठेवत बसतात. "कम्प्लीट आहे, फक्त बसवा" असं म्हणाला होता. खोका उघडला तर टर्बो, दोन्ही बाजूंना जोडणारे पाइप, वरची हवेची टोपी आणि कुणीतरी झेरॉक्सची झेरॉक्स काढलेलं माहितीपत्रक. बोल्ट निम्मे गायब, ऑइलचा होज वाळून तडकलेला, क्लॅम्प गंजलेले. फोन केला तर म्हणे मी तर सगळं टाकलं होतं. बरं.

पण टर्बो स्वतः चांगला निघाला आणि सेकंडहँड घेताना तेच बघायचं असतं. शाफ्ट बोटाने धरून हलवायचा, आडवा किंचित हलला तर घाबरू नका, तेल नसताना तेवढा हलतोच, पण आतबाहेर म्हणजे लांबीच्या दिशेने जाणवण्याइतका सरकला तर बेअरिंग गेलं समजा. पाती बघा, कडा खाल्लेल्या असतील तर त्यातून काहीतरी गेलेलं आहे. माझ्या टर्बोची पाती स्वच्छ होती, हाताने फिरवला की गिरक्या घेत राहायचा.

ट्रक खोलायच्या आधी इंजिन टर्बोच्या लायकीचं आहे का ते बघितलं आणि हे सगळ्यांनी करावं. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) तेल भरायचं झाकण काढून उलटं तिथेच नुसतं ठेवायचं. जागेवर थरथरत बसलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तिथे टर्बो लावून उपयोग नाही, आहे तो दमही निघून जाईल. दुसरं म्हणजे कूलंट. या इंजिनांना कॅव्हिटेशनचा जुना रोग आहे, सिलिंडरच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने बारीक बारीक खड्डे पडत जातात आणि एक दिवस आरपार भोक, म्हणून कूलंटमध्ये एससीए नावाचं ॲडिटिव्ह टाकायचं असतं आणि ते पुरेसं आहे का ते पट्टी बुडवून बघायचं असतं. आधीच्या मालकाने ते टाकलं होतं की नाही कळायला मार्ग नव्हता, पण कूलंट कमी होत नव्हतं आणि तेलात पाणी नव्हतं, तेवढ्यावर पुढे गेलो.

आता कामाबद्दल. सगळ्यात वैताग म्हणजे एक्झॉस्टचे जुने बोल्ट. तीस-पस्तीस वर्षं तापून थंड झालेलं लोखंड, पाना लावला की बोल्ट फिरण्याऐवजी पिळायला लागतो. आदल्या रात्रीपासून पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा आणि गॅसने नट लाल करून मग पाना लावा, जोर कमी आणि संयम जास्त. त्यानंतरचा वैताग डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून धूर खाली नेणारा पाइप. ज्या किटमध्ये टर्बो इंजिनाच्या मागे मधोमध बसतो (माझं तसंच) त्यात तीन इंची पाइप इंजिन आणि फायरवॉलच्या (केबिनच्या पुढचा पत्रा) फटीतून खाली न्यायचा असतो आणि तिथे बॉडीच्या पत्र्याची दुमडलेली कड आडवी येते. माहितीपत्रकात त्यावर एक ओळ आहे, क्लिअरन्स तपासा. तपासला, नाहीये! शेवटी मोठी हातोडी घेऊन ती कड सपाट केली, सगळेच करतात, पण हातोडी फिरवायलाही जागा नाही, आडवं पडून मनगटातून ठोकायचं. शेजारचा मेक्सिकन मेकॅनिक मित्र बिअर पीत बघत होता आणि मधूनमधून "मास, मास" म्हणत होता, म्हणजे अजून हाण.

पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो कारण किटमध्ये तो नव्हता आणि लोक तिथेच पैसे वाचवायला बघतात. डिझेलमध्ये इंधन जास्त टाकलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा ओतीव पाइप) मोजलेलं तापमान १,२५० फॅरेनहाइटच्या वर सलग ठेवायचं नाही हा या इंजिनवाल्यांचा नियम. आता मॅनिफोल्डला भोक पाडून आटे पाडायचे आणि त्यात सेन्सर बसवायचा. मी मॅनिफोल्ड काढून टेबलावर घेतला, ड्रिलला ग्रीस फासलं, थोडं ड्रिल करायचं, काढायचं, पुसायचं, परत ग्रीस. कास्ट आयर्नची सालपटं निघत नाहीत, काळा रवाळ भुगा निघतो आणि तो ग्रीसला चिकटून येतो, राहिलेला चुंबकाने ओढून काढायचा, मग हवा मारायची. काही जण मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवून करतात, पण पुढे टर्बो बसणार आहे आणि तो भुगा सरळ जाऊन पात्यांवर आदळणार. टर्बो किती वेगाने फिरतो तो विचार करा आणि ठरवा.

तसंच वरचा एअर क्लीनर काढला की इनटेकचं, म्हणजे हवा आत जायचं भोक उघडं पडतं आणि या इंजिनात तिथे थ्रॉटलची झडप नसते, नट पडला तर सरळ आत. काम संपेपर्यंत तिथे जाड फडकं कोंबून ठेवलं होतं.

ऑइलचा तडकलेला होज मी गावातल्या हायड्रॉलिक होजच्या दुकानात घेऊन गेलो, तेच जिथे ट्रॅक्टरचे होज बनवून मिळतात. त्यांनी जुना मापाला घेतला आणि जाळीवाला नवा होज दोन्ही टोकांना फिटिंग दाबून तिथल्या तिथे हातात दिला, किटच्या नावाने ऑनलाइन जे विकतात त्याच्यापेक्षा स्वस्त आणि जास्त दणकट. या दुकानाला पाचपैकी पाच. परतीचं तेल टर्बोच्या बुडातून आपल्या वजनानेच खाली इंजिनात जातं, तिथे पंप नसतो, म्हणून ती वाट मोकळी आणि उतरती हवी, नळी कुठे दबली तर तेल सीलमधून बाहेर येतं आणि मग लोक टर्बो खराब म्हणून बोंबलतात.

एक गोष्ट माझ्या माहितीपत्रकात जवळपास नाहीच, सीडीआर व्हॉल्व्ह. इंजिनातली वाफ हा व्हॉल्व्ह इनटेकमध्ये सोडतो. टर्बो आला की इनटेकमध्ये प्रेशर येतं, म्हणजे जिथून हवा ओढली जायची तिथूनच आता ढकलली जाणार, सीलमधून तेल बाहेर. त्याची नळी टर्बोच्या आधी, फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला जोडायची. वर सगळं खोललेलंच आहे तर इंजेक्टरच्या रिटर्न लाइनच्या टोप्या आणि ओ-रिंगा पण बदलून टाका, या ट्रकची सकाळी लवकर स्टार्ट न होण्याची सवय बऱ्याचदा तिथून हवा घुसल्यामुळे असते आणि नंतर टर्बोखाली हात घालून ते करणं म्हणजे शिक्षा आहे.

पहिल्यांदा चालू करताना पंपावरच्या शटऑफ सोलेनॉइडची वायर काढून ठेवली म्हणजे डिझेल जात नाही, टर्बोला जिथे ऑइलचा होज लागतो त्या तोंडात थोडं तेल ओतलं, आणि ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारला. मग वायर जोडली. पहिला आवाज ऐकून मित्राने बिअर खाली ठेवली, एवढंच सांगतो!

आता फरक. इंधन न वाढवता नुसता टर्बो लावला तर पॉवर थोडीच वाढते, पण धूर जवळपास गायब आणि तापमान आटोक्यात. त्यानंतर पंपाचं छोटं झाकण काढून, इंजिन हाताने फिरवून आतला स्क्रू समोर आणून अगदी थोडा वाढवला, तेव्हा खरी मजा आली. रॅटनला ट्रॅक्टर घेऊन गेलो तर जिथे तिसऱ्यात रडत चढायचो तिथे चौथ्यात चढला, बूस्ट ८ च्या आसपास, पायरोमीटर १,१०० ते १,२०० मध्ये खेळत होता, आणि तो १,२०० च्या पुढे सरकला की पाय थोडा उचलायचा, एवढंच नवीन शिकावं लागतं. रिकामा ट्रक मात्र काही रेसिंग कार झालेला नाही. मायलेजही रिकाम्याला होतं तेवढंच आहे, कुणी टर्बोमुळे मायलेज दुप्पट झालं असं सांगत असेल तर त्याला एखादं किट विकायचं असणार.

चारच का दिले, तर तीन इंची पाइपचा हायवेवर येणारा घुमणारा आवाज. गावातल्या गावात बरा वाटतो, पण चार तास चालवल्यावर डोकं भणभणतं, बायको आता इअरफोन घालूनच बसते. चांगला सायलेन्सर वेगळा घ्यावा लागणार. इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) लावू का म्हणून विचारणाऱ्यांना, एवढ्या बूस्टला गरज वाटली नाही.

खर्चाचं म्हणाल तर मीटर, होज, गॅस्केट, बोल्ट, पाइपचं काम, कूलंट, तेल हे सगळं मिळून किटला दिले जवळपास तेवढेच अजून गेले. कायद्याचं म्हणाल तर टेक्ससमध्ये डिझेलला एमिशन टेस्ट नाही आणि २०२५ पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणीपण बंद झाली, पण कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी, तुमच्या राज्याचं तुम्ही बघा. आणि गावाकडून एका भावाने विचारलं की जुन्या महिंद्रा कमांडर जीपला असं करू का. होईल रे बाबा, पण तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, आरटीओने धरलं तर टर्बोसकट गाडी आत.

सेकंडहँड किट घ्यायला जाणार असाल तर शक्यतो ज्या ट्रकवर ते लागलेलं आहे तो चालू असताना जा, बूस्ट येतोय का बघा, धूर निळा असेल तर परत फिरा, आणि काढताना स्वतः तिथे उभे राहून प्रत्येक बोल्ट पिशवीत जातोय का ते बघा. खोक्यात आधीच भरून ठेवलेलं असेल तर पैसे द्यायच्या आधी त्याच्या अंगणातच सगळं पसरा, तो कितीही घाई करो.