पेट्रोलचा वास आला होता, तरी मी गप्प बसलो

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनो, वाचा. लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो.

नगरकडच्या एका एजंटाला 3,40,000 रुपये रोख मोजले, वर दलाली 5,000. ट्रॅक्टर 45 एचपीचा. मीटरवर 2,900 तास. मीटरवर भरवसा ठेवायचा नसतो हे मलाही कळतं, म्हणून टायर, हायड्रॉलिक, धूर सगळं बघितलं. वरच्या गिअरला टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला, तर इंजिन जागेवर बंद पडलं. म्हणजे क्लच धरतोय. आणखी काय करायला हवं होतं?

नाकाचं ऐकायला हवं होतं. क्लचपाशी वाकलो तेव्हा पेट्रोलचा भपकारा आला. डिझेलच्या गाडीला पेट्रोल कशाला? विचारलंही मी. "धुऊन पुसून ठेवलाय दादा, खास तुमच्यासाठी." आणि मी हसलो! सोबत मेहुणा होता, तोही हसला.

घरी आणून रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) लावला. अर्धा तास ठीक. मग इंजिन ओरडतंय, ट्रॅक्टर जागचा हलेना, जळकट वास. क्लच पेडलला ढील दिली, काही फरक नाही. मिस्त्रीने ट्रॅक्टर मधून फोडला, म्हणजे दोन भाग वेगळे केले, तर क्लच प्लेट तेलात न्हालेली. इंजिनचं तेल अडवणारं मागचं क्रँक सील गेलेलं. क्लचच्या हाउसिंगच्या (कव्हरच्या) तळाला तेल गळायला भोक असतं ना, त्यात चिंधीचा बोळा आणि वरून एमसील! पेट्रोलने धुतलेली प्लेट तेवढ्यापुरती धरते, तेवढ्यात सौदा उरकतो. ते भोक आधी बघा. आणि नांगर किंवा रोटर लावून तासभर चालवल्याशिवाय इसार देऊ नका.

प्लेट-प्रेशर प्लेट 14,200, सील 850, बेअरिंग 1,150, फ्लायव्हील घासाई 1,800, मजुरी 6,500. शिवाय भाड्याचा रोटर, चार एकर, 5,600. एकूण 30,100.

पोलीस ठाण्यात साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ही दिवाणी बाब आहे." आरटीओत म्हणे, आम्ही कागद बघतो, क्लच नाही. ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो तर "बिल आणा". रोखीच्या सौद्याला बिल कोण देतो? चार चकरा, दर वेळी दिवसाची खोटी, आणि "अर्ज ठेवून जा". अर्ज ठेवलाय, पोच नाही. सौद्याच्या स्टॅम्प पेपरवर "आहे त्या स्थितीत घेतला" ही ओळ होती. ती सगळ्यांना लगेच सापडते, एमसील कुणाला दिसत नाही. ती ओळ खोडून घ्या, नाहीतर सही करू नका.

काल एजंटाच्या स्टेटसला नवा ट्रॅक्टर होता. "क्लच एकदम ओके."