ईसीयू बोर्ड किलोवर द्यायचा की चालू पार्ट म्हणून विकायचा?

भंगारात काढलेल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, हातात आला की कुर्ल्यात काय किंवा पुण्यात काय, बरेच जण ॲल्युमिनियमचं कव्हर फोडून बोर्ड सरळ किलोच्या भावाने देऊन टाकतात, रोख पैसे लगेच मिळतात आणि डोक्याला ताप नाही. पण माझं ऐकाल तर आधी टेस्ट करा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या नसतील, बोर्डावर पाणी शिरल्याचा पांढरा डाग नसेल तर तो चालू निघू शकतो, आणि चालू ईसीयूला पार्ट म्हणून जो भाव येतो तो त्यातल्या तांब्या-सोन्याला सहसा येत नाही, कारण सोनं म्हणजे पिनांवरचा नुसता मुलामा. मोठी अडचण इमोबिलायझरची, म्हणजे गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असलेल्या इलेक्ट्रॉनिक कुलपाची, चावीशी कोडिंग जुळवल्याशिवाय दुसऱ्या गाडीत इंजिन स्टार्टच होत नाही, शिवाय पार्ट नंबर तंतोतंत लागतो, म्हणून गिऱ्हाईक मिळायला वेळ जातो.

बोर्ड जळका असेल तर मात्र किलोवरच, पण अधिकृत रिसायकलरकडे. गल्लीत तेजाबात बोर्ड बुडवतात तिथं पॅलेडियम, टँटलमसारखे किमती धातू वाया जातात, उरलेलं पाणी गटारात, आणि तिथल्या पोरांचे हात मी जवळून बघितलेत, नखं पार पिवळी पडलेली.