आकाशगंगा की तेजोमेघ? खान्देशातून रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण करणाऱ्यासाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहून रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रणावर उपजीविका करू पाहणाऱ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे तिपाईवर कॅमेरा लावून डोंगर, देऊळ किंवा शेतावरची आकाशगंगा टिपणे आणि दुसरी म्हणजे दुर्बिणीतून तासन्‌तास प्रकाश साठवून तेजोमेघ (वायू व धुळीचे ढग) व दीर्घिकांची (आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकासंघांची) चित्रे तयार करणे.

पहिल्या वाटेला भांडवल कमी लागते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला २० मिमीची लेन्स असेल तर ५०० ला लेन्सच्या मिमीने भागायच्या ठोकताळ्याने (५०० भागिले २०) २५ सेकंद शटर उघडे ठेवता येते, मात्र आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर १५ सेकंदांपुढे ताऱ्यांच्या रेघा जाणवू लागतात. खरी अडचण हंगामाची आहे. आकाशगंगेचा केंद्रभाग रात्रीच्या सोयीच्या वेळी दिसतो तो जून ते ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा आपल्याकडे ढग असतात. तो काळ साधायचा तर पाऊस क्वचित पडणाऱ्या लडाखमधील हानलेसारख्या ठिकाणी जावे लागते. घरी राहणाऱ्याच्या वाट्याला फेब्रुवारी ते मे एवढेच महिने उरतात, तेही पहाटेचे. एप्रिलअखेरीस हा भाग रात्री अकराच्या सुमारास उगवतो आणि पहाटे चारच्या सुमारास दक्षिणेला जेमतेम ४० अंश उंचीवर येतो.

हीच लग्नसराई, म्हणजे बहुतेक छायाचित्रकारांच्या कमाईचा काळ. सुदैवाने अमावास्येला लग्नाचे मुहूर्त नसतात, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) मुहूर्तांची गर्दी असली तरी तृतीयेची कोर लवकर मावळत असल्याने मांडवातून सुटल्यावरही काळे आकाश मिळते. अमावास्येच्या रात्री रानात जाण्यावरून घरात बोलणी खावी लागतील, तो भाग वेगळा.

जागा निवडताना दक्षिणेकडे पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याशी उभे राहिले की दक्षिणेला तापीखोऱ्यातील गावांचा उजेड येतो, म्हणून तिथे उत्तरेकडील ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांच्या रेघा टिपाव्यात. केंद्रभागासाठी चाळीसगावजवळचे पाटणादेवी अधिक योग्य, कारण तिथे शहर मागे उत्तरेला राहते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख याच पाटणचा असल्यामुळे त्या चित्राला गोष्टही आपोआप लाभते. परिसर अभयारण्याचा असल्याने रात्री थांबण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते.

दुसऱ्या वाटेवर दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक), गायडर (ती बैठक ताऱ्यावर नेमकी ठेवणारा छोटा कॅमेरा) आणि कूल्ड कॅमेरा मिळून खर्च सहज लाखांत जातो. तिचा मोठा फायदा असा की हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीभोवतीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या नॅरोबँड फिल्टरमुळे शहराचा बहुतेक उजेड गाळला जाऊन मृग नक्षत्रातील तेजोमेघ जळगावच्या गच्चीवरूनही टिपता येतो. देवयानी दीर्घिकेला मात्र हा उपाय फारसा चालत नाही, कारण तिचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत विखुरलेला असतो. कूल्ड कॅमेरा सेन्सरला भोवतालपेक्षा साधारण ३५ अंशांनी थंड करतो, त्यामुळे मेच्या उकाड्यातही चित्रातला नॉइज (नको असलेले ठिपके) आटोक्यात राहतो. तरीही या वाटेचा खरा हंगाम हिवाळाच, आणि केळीच्या बागांजवळ राहणाऱ्याने लेन्सवर दव धरू नये म्हणून ड्यू हीटर आधी घ्यावा.

उत्पन्नाच्या बाजूने मला पहिली वाट सरस वाटते. ओळखीच्या डोंगरावरची आकाशगंगा लोक भिंतीवर लावतात, कृषिपर्यटन केंद्रे ती जाहिरातीसाठी विकत घेतात आणि कार्यशाळेला येणाऱ्याला स्वतःच्याच कॅमेऱ्यावर चार तासांत काही हाती लागते. मृगातला तेजोमेघ जगभरातील हजारोंनी अधिक काळ्या आकाशातून टिपलेला असल्याने तुमच्याच प्रतीसाठी कोणी पैसे मोजावेत असे फारसे कारण उरत नाही. तिथली कमाई शिकवण्यातून आणि शाळांतील आकाशदर्शनातून येते. म्हणून लग्नाची कामे न सोडता दोन हंगाम पहिल्या वाटेवर काढावेत, मग दुर्बिणीऐवजी आधी छोटा स्टार ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारे यंत्र) आणि १३५ मिमीची लेन्स घेऊन एक हिवाळा गच्चीवर बसून पाहावे.