मेट्रो ३ ची गाडी: इतकी चांगली, म्हणूनच तिचा उशीर बोचतो

मरोळ नाका ते हुतात्मा चौक. फोर्टातल्या ऑफिसला जायचा माझा रस्ता आता हाच. आधी मेट्रो १ ने अंधेरी, तिथून चर्चगेट फास्ट आणि मग चालत फोर्ट, असा तीन तुकड्यांचा प्रवास होता. आता मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ च्या एकाच गाडीत साधारण पाऊण तास. लोक विचारतात, कशी आहे गाडी, पैसे वसूल होतात का. म्हणून हे सविस्तर लिहिते. मात्र ही गाडी शहरात यायला इतका वेळ का लागला, हे सांगितल्याशिवाय तिच्याबद्दलचं माझं मत पुरं होणार नाही.

आधी गाडी. आठ डबे, सगळे एकमेकांना आतून जोडलेले, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं. मरोळ नाक्याला चढल्यावर समोरचा डबा भरलेला दिसला की दोन डबे पुढे सरकायचं, जागा मिळते. फलाटावर काचेची दारं आहेत आणि गाडी नेमकी त्या दारांसमोर थांबते. गाडीची जमीन आणि फलाट जवळपास एका पातळीत आहेत. आमच्या घरात हा मुद्दा मोठा, कारण बाबांचा उजवा गुडघा वाकत नाही. लोकलमध्ये चढायचं तर त्यांना दांडा धरून अंग वर ओढावं लागतं आणि मागून कुणीतरी आधार द्यावा लागतो. इथे ते काठी टेकत सरळ आत गेले.

बाबांची सगळी नोकरी कुर्ला कारशेडमध्ये गेली. लोकलचे रेक, म्हणजे डबे जोडलेल्या अख्ख्या गाड्या, तपासणं, दुरुस्त करणं, पहाटेच्या पहिल्या फेरीसाठी रेक तयार ठेवणं, हे त्यांचं काम. त्यांना पहिल्यांदा या गाडीने गिरगावला नेलं तेव्हा खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळं भुयार. ते डोळे मिटून ऐकत बसले. धारावी गेल्यावर म्हणाले, "ब्रेक बघ कसा लागतो. शेवटपर्यंत झटका नाही." मग थोड्या वेळाने, "चाकं अजून नवी आहेत. हा आवाज पाच वर्षांनी ऐकायला पाहिजे." आयुष्यभर गाड्यांखाली काम केलेल्या माणसाकडून आलेली ही दाद मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते. घोषणा मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत होतात, नीट ऐकू येतात. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, तिकीट दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत. लोकलच्या सेकंड क्लासच्या पासाशी तुलना केली तर महाग आहे, आणि रोजच्या प्रवाशासाठी हा फरक लहान नाही. लाईन सुरू झाली तेव्हा भुयारात मोबाइलला रेंज नसल्याची तक्रार सगळीकडे होती. ज्यांना वाटेत ऑफिसचे फोन घ्यावे लागतात त्यांच्यासाठी तो मोठाच प्रश्न. मी पुस्तक वाचते.

मग बाबांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. "रेक किती आहेत? आणि उभे कुठे करतात?"

नवीन गाडीबद्दल आपण विचारतो की एसी आहे का, सीट कशा आहेत. शेडमधला माणूस आधी विचारतो ती रात्री कुठे राहणार, तिच्याखाली जाऊन तपासायला पिट लाईन आहे का, सुटे भाग कुठून येणार, एक बिघडली तर हाताशी स्पेअर किती. मुंबईत गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या गाड्या उशिरा आल्या, त्यांचा उशीर बहुतेक वेळा याच प्रश्नांपाशी अडकलेला सापडतो. कारखान्याला आपण उगाच जास्त दोष देतो.

मेट्रो ३ चंच घ्या. ३१ गाड्यांचं, म्हणजे २४८ डब्यांचं काम २०१८ मध्ये अल्स्टॉम कंपनीला दिलं गेलं. डबे आंध्र प्रदेशात श्रीसिटीला बनले. कारखान्यात गाडी आकार घेत होती तेव्हा इथे मुंबईत कारशेडची जागाच ठरत नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली झाडं रात्रीतून तोडली गेली, मग सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने आरेतल्या कारशेडच्या कामाला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याही कामाला स्थगिती दिली. जुलै २०२२ मध्ये आरेवरची स्थगिती उठली. दरम्यान आरेतच सारीपूत नगरला तात्पुरती सोय उभी केली, तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली गाडी पोचली आणि ३० ऑगस्टला तिची चाचणी झाली. प्रवाशांना आत बसायला मिळालं ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेही बीकेसीपर्यंतच. मे २०२५ मध्ये लाईन आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. कफ परेडपर्यंत पुरी व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

मी आरेच्या शेजारी राहते. त्या झाडांसाठी रस्त्यावर उतरलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांचं म्हणणं मला पटत होतं आणि आजही पटतं. माझी तक्रार वेगळी आहे. गाड्यांची ऑर्डर द्यायच्या आधी कारशेडच्या जागेचा वाद संपलेला असायला हवा होता. जागा आरेत की कांजूरला, यावर सरकारं भांडली, न्यायालयात गेली, आणि गाडी कुणाचीच नसल्यासारखी मध्ये राहिली. त्या काळात अंधेरी-चर्चगेटच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त नवीन तारीख कळायची.

पश्चिम उपनगरांतल्या मेट्रो २अ आणि ७ ची हकीकत थोडी निराळी. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये बीईएमएल या सरकारी कंपनीला ३७८ डब्यांची ऑर्डर गेली, मग कोविड आला, आणि पहिली गाडी बंगळुरूहून जानेवारी २०२१ च्या अखेरीस चारकोपला पोचली. तीही ट्रेलरवरून. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं: आपल्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, या मेट्रोचं १४३५. त्यामुळे मेट्रोचा डबा रेल्वेच्या रुळांवरून मुंबईला आणता येत नाही, एकेक डबा ट्रेलरवर चढवून महामार्गाने आणावा लागतो. आल्यावर जोडणी, मग चाचण्या, मग सुरक्षा आयुक्तांची तपासणी. पहिले प्रवासी बसले २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी. गाडी आली, पेपरात फोटो आला, आणि प्रवासी बसायला आणखी सव्वा वर्ष लागलं. म्हणून 'पहिला रेक मुंबईत दाखल' ही बातमी वाचून बाबा कधीच खूश होत नाहीत. ते म्हणतात, रेक आला म्हणजे काम सुरू झालं.

एसी लोकलच्या वेळी त्यांनी हे जवळून पाहिलं. पहिला एसी रेक चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडला आला. शेडमधली माणसं कामाची वेळ संपल्यावरही बघायला थांबली होती, आपापसात त्याच्या दारांबद्दल बोलत होती. लोकलला बंद होणारी दारं! रोज कुणीतरी पडतं त्या शहरात. पण त्या रेकची उंची जास्त होती, आणि मध्य रेल्वेच्या मार्गावर मुंबईच्या बाजूला ब्रिटिशकालीन पूल बुटके आहेत. अखेर तो रेक पश्चिम रेल्वेला गेला आणि २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला त्याची पहिली फेरी झाली. मुंबईत आल्यापासून वीस महिने! मध्य रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली जानेवारी २०२० मध्ये, ट्रान्स हार्बरवर. ते पूल कुणी आदल्या रात्री बांधलेले नव्हते. त्यांची उंची रेल्वेच्याच कागदांवर होती.

उशीर झाला की गर्दी थोडी जास्त सोसावी लागते, एवढंच नुकसान होतं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी मुंब्रा आठवावं. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यातली काही गेली. त्यानंतर बंद दारांच्या लोकलची घोषणा झाली. पण त्या आधीच मुंबईसाठी २३८ एसी लोकल कागदावर मंजूर होत्या! ४७ एमयूटीपी ३ या मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या प्रकल्पात, ज्याला २०१६ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली, आणि १९१ एमयूटीपी ३अ मध्ये, ज्याला २०१९ च्या मार्चमध्ये. २०२३ मध्ये निविदा निघाली, ती तडीस गेली नाही. २०२५ मध्ये २,८५६ डब्यांसाठी पुन्हा निविदा काढावी लागली. पहिल्या मंजुरीच्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल एव्हाना दहावीपर्यंत पोचलं. हा उशीर तर कारखान्याच्या दारापर्यंतही पोचलेला नाही, सगळाच्या सगळा टेबलावरचा आहे. आणि मला याचाच सर्वांत जास्त राग येतो. डबा बनवताना अडचण आली, चाचणीत दोष सापडला, तर मी थांबायला तयार आहे. चाचणीत वेळ गेलेला मला हवाच आहे. मंजूर झालेल्या गाडीची ऑर्डरच वर्षानुवर्षं न जाणं, यासाठी थांबण्याचं कारण मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

या नव्या निविदेत एक गोष्ट बाबांना आवडली. गाड्यांच्या बरोबरच भिवपुरी आणि वाणगाव इथे देखभालीचे डेपो, आणि ३५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही पुरवठादारावरच. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "बनवणाऱ्याला माहीत पाहिजे की पुढे आपल्यालाच ती पुसायची आहे." फक्त त्या दोन जागांचं काम गाड्यांच्या आधी पुरं व्हायला हवं.

सुट्या भागांचं महत्त्व ज्यांना पटत नसेल त्यांनी मोनोरेलकडे बघावं. २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा सुरू झाली, २०१९ मध्ये जेकब सर्कलपर्यंत वाढली. मधल्या काळात, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, गाड्या पुरवणाऱ्या मलेशियन स्कोमीशी असलेला करार संपवावा लागला. त्यानंतर भाग मिळेनात, एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावायची वेळ आली, गाड्या कमी म्हणून फेऱ्या लांब अंतराने आणि फेऱ्या लांब म्हणून प्रवासी कमी. नव्या गाड्यांसाठी काढलेली निविदा २०२० मध्ये रद्द झाली. पुढे हैदराबादच्या मेधा कंपनीला दहा गाड्यांचं काम मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुसळधार पावसात जुनी गाडी उंचावर अडकली, अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून अधिक माणसं उतरवली, आणि २० सप्टेंबरपासून नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्यासाठी सेवा बंद केली गेली. नवीन गाडी वेळेवर येत नाही तेव्हा जुन्या गाडीला तिच्या ताकदीबाहेर पळवलं जातं. बाबांच्या भाषेत, रेकला विश्रांती मिळत नाही.

आता परत माझ्या रोजच्या गाडीकडे. पहिल्या टप्प्यात ९ गाड्या आणि दिवसाला ९६ फेऱ्या होत्या, म्हणजे एखादी चुकली की घड्याळाकडे बघायला लागायचं. आता पूर्ण लाईनवर फेऱ्या कितीतरी वाढल्या आहेत आणि तो ताण राहिलेला नाही. मरोळ, सीप्झ, सहार, वांद्रे-कुर्ला संकुल इथून दक्षिण मुंबईत रोज जाणाऱ्यांनी ही गाडी जरूर घ्यावी. ज्येष्ठांना आणि ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांना तर मी आग्रहाने सांगेन, फक्त स्थानकं खोल आहेत, लिफ्ट कुठल्या प्रवेशद्वाराला आहे ते आधी बघून ठेवा. गिरगाव, काळबादेवीत कामं असतील तर याहून सोयीचं काही नाही. पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण तिकिटाच्या दरासाठी कापला. मिळालेल्या गाडीला तिच्या उशिराची शिक्षा देणं मला योग्य वाटत नाही, तो हिशेब ज्यांनी तारखा दिल्या त्यांच्याशी आहे.

माझी आतेबहीण घोडबंदर रोडला राहते. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ ची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या बाजूला झाली तेव्हा तिने उत्साहाने फोन केला, मामा, आमची मेट्रो कधी सुरू होईल? बाबांनी तिला उलट विचारलं, "मोघरपाड्याच्या कारशेडचं काम कुठवर आलंय? ते बघून ये आणि मला सांग." तिला वाटलं मामा विषय टाळताहेत. पुढच्या रविवारी मी आणि ती दोघी मोघरपाड्याला जाऊन बघणार आहोत.