बॅटरीवरचा साधा थर्मोस्टॅट : नवशिक्यालाही जमेल
न्यू जर्सीतल्या आमच्या घरात हनीवेल कंपनीचा जुना गोल थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र) होता, १९५३ पासून निघालेला तोच नमुना. आत पाऱ्याची काचेची कुपी, म्हणून तो कचऱ्यात न टाकता काउंटीच्या घातक कचरा केंद्रात दिला.

नवा बसवायला सोपा. आधी फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या भट्टीचा) ब्रेकर बंद, मग वायरींचा फोटो. रंगावर अजिबात जाऊ नका, वायर कुठल्या अक्षराच्या स्क्रूला आहे ते बघा. पेटीतली चिकटपट्टीची लेबलं त्यासाठीच असतात. बॅटरीवर चालतो, त्यामुळे सी वायर (थर्मोस्टॅटला सतत वीज पुरवणारी) नसली तरी अडत नाही. पण भिंतीतून जाड वायरी निघाल्या तर तिथेच थांबा. हा २४ व्होल्टचा. इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरला (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या) बहुतेक २४० असतात, तिथे इलेक्ट्रिशियनच हवा.

एक तक्रार : थर्मोस्टॅटच्या पडद्याला दिवा नाही. रात्री सासूबाई टॉर्च घेऊन आकडे वाचतात.